हेडफोनचं रूप ठरवणं हे काम आहे का?

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलगी अकरावी विज्ञानला आहे, दहावीला ९१ टक्के होते आणि वह्यांची मागची पानं हेडफोन-इअरबड्सच्या चित्रांनी भरलेली असतात. 'हे कसे दिसावेत ते ठरवणारी माणसं असतात, मला ते काम करायचंय,' असं ती म्हणते. तुमचा प्रश्न असा, की रंगरंगोटीच्या कामासाठी चार वर्षं आणि एवढा पैसा घालायचा का. त्यापेक्षा सरळ मेकॅनिकलला घालावं का? तिच्या तीन चित्रांचे फोटो जोडलेत ते फार बरं केलंत. तिसऱ्या चित्राकडे मी शेवटी येतो.

आधी 'रंगरंगोटी' या शब्दाबद्दल. ॲपलने २०१६ साली एअरपॉड्स दाखवले तेव्हा कानातून खाली लोंबणारी ती पांढरी दांडी बघून लोक हसले होते, टूथब्रशचं डोकं कानात अडकवल्यासारखं दिसतं म्हणत होते. पण ती दांडी शोभेसाठी नव्हती. माइक तोंडाच्या जितका जवळ येईल तितका आवाज स्वच्छ जातो, आणि बॅटरी, अँटेना यांनाही जागा हवी होती. वजन जेमतेम चार ग्रॅम ठेवायचं, वस्तू पळतानाही कानातून पडू द्यायची नाही आणि सगळं आत बसवायचं, यातून ते रूप आलं. पुढे २०२१ साली नथिंग कंपनीने पारदर्शक इअरबड आणला. दिसायला गंमत, पण डिझायनरच्या बाजूने पाहा: कवच पारदर्शक केलं की आतलं चुंबक, सर्किट, गोंदाचा ठिपकासुद्धा उघडा पडतो. मग आतली प्रत्येक गोष्ट नीट रचावी लागते. तिथे रूप आणि यंत्र वेगळं काढताच येत नाही.

रंगही उगाच येत नाही. सोनीचा पहिला वॉकमन १९७९चा, त्याच्या हलक्या हेडफोनवर नारिंगी फोम होता. त्याआधी हेडफोन म्हणजे घरात स्टीरिओसमोर बसून लावायची जड वस्तू. ती रस्त्यावर आली तेव्हा लोकांना दिसू लागली, आणि दिसणाऱ्या वस्तूला रूप लागतं. २००१ साली आलेल्या आयपॉडची पांढरी वायर गर्दीत लांबून ओळखू यायची. २००८ साली बीट्सने लाल 'बी' असलेले मोठे हेडफोन आणले आणि मुलं ते गाणी ऐकत नसतानाही गळ्यात घालून फिरू लागली. २०१४ साली ॲपलने ती कंपनी तीन अब्ज डॉलरला घेतली. त्या किमतीत इतरही गोष्टी होत्या, पण रूपाची किंमत त्यात नव्हती असं कोणी म्हणणार नाही.

आता कानाबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. दोन माणसांचे कान सारखे नसतात. एकाच माणसाचा डावा-उजवाही तंतोतंत सारखा नसतो. माझ्या डाव्या कानातला बड चालताना हमखास सैल होतो, उजव्यातला कधीच नाही. डब्यात लहान, मध्यम, मोठी अशी रबरी टोकं देतात ती याच कारणाने. टोक नीट बसलं नाही तर बास, म्हणजे आवाजातला खालचा, घुमणारा भाग, गळून जातो आणि बाहेरचा गोंगाट दाबणारी यंत्रणाही लंगडी पडते. म्हणून या क्षेत्रातला माणूस वर्षानुवर्षं कान मोजतो. आपल्याकडे अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतीय माणसांच्या शरीरमापांचा संग्रह १९९७ साली काढला. परदेशी डोक्यांच्या मापावर बेतलेली वस्तू आपल्या डोक्यावर चालेलच असं नाही, हे त्यामागचं कारण. तुमच्या जवळच्या शहरात श्रवणतज्ज्ञ असतील तर मुलीला एकदा घेऊन जा. श्रवणयंत्रासाठी कानाचा साचा कसा घेतात ते तिने पाहावं. पुस्तकातल्या दहा आकृत्यांपेक्षा त्या अर्ध्या तासात तिला जास्त कळेल.

नोकऱ्यांबद्दल मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. 'फक्त हेडफोन' डिझाइन करणाऱ्या जागा भारतात थोड्या आहेत. आपले अनेक ब्रँड वर्षानुवर्षं चीनमधल्या कारखान्यांतले तयार साचे निवडून त्यावर रंग आणि नाव बदलत आले. हे आता बदलतं आहे, जुळणी इथे होऊ लागली आहे, काही कंपन्यांनी स्वतःची डिझाइन माणसं घेतली आहेत, तरी वेग मोजकाच आहे. मात्र वस्तूंच्या डिझाइनचं शिक्षण घेतलेली मुलगी मिक्सर, हेल्मेट, इस्पितळातली उपकरणं, स्कूटरचा डॅशबोर्ड यांपैकी कशावरही काम करू शकते. आणि श्रवणयंत्र! आपल्याकडे माणसं ते लावायला लाजतात, केसांआड लपवतात, आणि त्याच वयाची माणसं ब्लूटूथचा बड मात्र ऐटीत मिरवतात. अमेरिकेत २०२४ साली एअरपॉड्स प्रोच्या एका मॉडेलला श्रवणयंत्रासारखं वापरायची परवानगी मिळाली. कमी ऐकू येणाऱ्या माणसाने न लाजता घालावी अशी वस्तू घडवणं हे मला आयुष्य द्यावं इतकं मोठं काम वाटतं.

रस्ते दोन आहेत. पहिला, बारावीनंतर बी.डेस., म्हणजे डिझाइनची पदवी. त्यासाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड ही प्रवेश परीक्षा. ती कुठल्याही शाखेच्या मुलांना देता येते, लागोपाठच्या दोन वर्षांत फार तर दोनदा. साधारण जानेवारीत होते, अर्ज त्याआधी दिवाळीच्या सुमारास सुटतात. एनआयडीची परीक्षा वेगळी, तिथे हाताने करून दाखवण्यावर भर असतो. दोन्हीकडे जागा कमी आणि स्पर्धा तीव्र. पुण्यातही खाजगी संस्था आहेत, पण तिथली फी लाखांत जाते. प्रवेश घेण्याआधी तिथली कार्यशाळा डोळ्यांनी पाहा: यंत्रं चालू असतात की कुलूपबंद, हे विचारायला संकोचू नका. दुसरा रस्ता तुमच्या मनातला: मेकॅनिकल करायचं आणि मग सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी. पवईची आयडीसी ही आयआयटी मुंबईतली, १९६९ पासूनची डिझाइन शिकवणारी संस्था आहे, तिथे अभियंते मोठ्या संख्येने येतात. हा रस्ता लांब आहे, पण वाया जात नाही. प्लास्टिकचा भाग साच्यातून सुटून यावा म्हणून भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो, सांध्याची रेघ कुठे येईल ते आधी ठरवावं लागतं. हे ज्याला कळतं त्याचं डिझाइन टूलरूमवाले, म्हणजे साचे बनवणारे, परत पाठवत नाहीत.

या दोन रस्त्यांतला कुठला, हे आज ठरवायची गरज नाही. आणि आता ते तिसरं चित्र.

पहिल्या दोन चित्रांत पंख आहेत, ज्वाळा आहेत, चकाकी आहे. हात चांगला आहे, पण अशी चित्रं मला दर महिन्याला येतात. तिसऱ्यात कानावर टेकणाऱ्या छोट्या हेडफोनच्या गादीला तिने खालच्या बाजूला एक खळगा ठेवलाय आणि पेन्सिलीने बारीक लिहिलंय, 'आजीच्या कुडीची फिरकी टोचू नये म्हणून.' तुम्ही पत्रात याचा उल्लेख केलेला नाही. बहुधा फोटो काढताना ते नजरेतून सुटलं असावं. मी मात्र तिथेच थांबलो. कुड्या, बुगडी, कानातले वेल घालणाऱ्या कितीतरी बायका या देशात आहेत, आणि हेडफोन डोक्यावर चढवला की फिरकी कानामागे रुतते हे त्या मुकाट्याने सोसतात, नाहीतर कानातलं काढून ठेवतात. तिने ते पाहिलं. हे शिकवून येत नाही.

त्या खळग्यात एक दोषही आहे, तो तिला माझ्यातर्फे सांगा. गादीला फट पडली की आवाज बाहेर झिरपतो आणि बास जातो. मग फट न ठेवता काय करायचं? गादी मऊ घ्यायची, कप मोठा करून कुडी त्याच्या आत घ्यायची, की गादीची जागाच सरकवायची? यातलं काय चालेल ते तिने चित्रात न ठरवता करून पाहावं.

तेव्हा येत्या सुट्टीत क्लास लावायच्या आधी एवढं करा. घरातला बिघडलेला हेडफोन तिला पूर्ण उघडू द्या. आतला एकेक भाग कागदावर मांडून त्याची नावं लिहू दे. बाजारात मिळणारा साधा फोम, शाडू, कटर आणि सॅंडपेपर आणून द्या, पाच-सातशे रुपयांत भागेल. तिने त्या गादीचे किमान सहा नमुने करावेत आणि प्रत्येक आजीच्या कानावर, कुडी घातलेली असताना, अर्धा अर्धा तास बसवून पाहावा. टोचलं कुठे, सरकलं कधी, घाम आला का, हे आजी जसं सांगतील तसंच, त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावं. सहाव्या नमुन्यापर्यंत तिचा उत्साह टिकला तर यूसीडच्या तयारीचं बोलू. तिसऱ्यालाच कंटाळली तरी काही बिघडत नाही, मेकॅनिकल आहेच, आणि चित्रकला तिची कोणी हिरावून घेत नाही.

वहीतली पानं आणि नमुन्यांचे फोटो मला जूनच्या आत पाठवा. आजींचं म्हणणं असलेलं पान वगळू नका.

आपला,
करिअर मार्गदर्शक