आधी ओटा आख

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा नकाशा परवा मिळाला. बारा कुटुंबं मिळून एक प्लॉट घेतात, त्यांत सत्तरीची माणसं आहेत आणि तान्ही मुलं असलेलीही, आणि हे सगळे तुझ्यासारख्या नव्या आर्किटेक्टवर भरवसा टाकतात, हे वाचून मला फार आनंद झाला. सोलर पॅनेल, पावसाच्या पाण्याची टाकी, ओल्या कचऱ्याचं खत, सगळं तू नीट बसवलं आहेस. माझं मन अडकलं ते प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे तू 'सामुदायिक सभागृह' लिहिलंस. तिथे कोण जाणार, आणि कशाला? बारापैकी एकाही घराच्या रोजच्या वाटेवर ते येत नाही.

ही चूक मी केलेली आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आठ रो-हाउसेस बांधली. मागच्या बाजूला सगळ्यांचा मिळून चौक ठेवला, कडुनिंब लावला, दगडी बाक केले. पण घरांची दारं रस्त्याकडे होती आणि चौकाच्या अंगाला न्हाणीघरं. दोन पावसाळ्यांत तिथे जुने कूलर, गंजक्या सायकली आणि उरलेली वाळू साचली. माणसं चांगली होती, आजही आहेत. त्यांना चौकात पाऊल टाकायला मी कारणच दिलं नव्हतं.

त्यानंतर मी इंदूरच्या अरण्य वसाहतीत पुन्हा गेलो, या वेळी चालत. विजयनगरच्या पुढे, स्कीम ७८. ही वसाहत आपल्याच गावात आहे आणि तू ती अजून पाहिली नाहीस, याचं मला वाईट वाटतं. पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशननं १९८३ मध्ये इंदूर विकास प्राधिकरणासाठी तिचा आराखडा केला. सुमारे ८५ हेक्टर जागा, साडेसहा हजार घरं. १९९५ मध्ये तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. सगळ्यांत गरीब कुटुंबाला तयार घर दिलंच नव्हतं. प्लॉट, जोतं, संडास-मोरीचा गाभा आणि एक खोली, एवढंच. पुढचं ज्यानं त्यानं हाती पैसा येईल तसं बांधायचं. दहा घरांचा एक गट, वीस घरांमागे एक सेप्टिक टँक. गरिबांची घरं प्रत्येक सेक्टरच्या मधोमध आणि ऐपतदारांचे प्लॉट कडेनं, म्हणजे कुणी गावाबाहेर ढकललं गेलं नाही.

आणि हे कागदावर येण्याआधी काय झालं, ते मला तुला मुद्दाम सांगायचंय. वास्तुशिल्प आणि कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाच्या लोकांनी इंदूरच्या झोपडवस्त्यांत बसून मोजमापं घेतली. दाराबाहेर बाई कुठे भांडी घासते, दुकान किती जागेत मांडलं जातं, झाडाखाली खाट कुठे पडते. त्यातून त्यांना ओटा सापडला, आपण इंदूरकर ज्याला ओटला म्हणतो तो. घराचाही नाही, रस्त्याचाही नाही, अशी दोन-तीन फुटांची पट्टी. आज अरण्यमधली बरीच घरं तिमजली झाली आहेत, मूळ नकाशे ओळखू येत नाहीत. तरी उन्हं उतरली की ओटल्यावर लसूण सोलणाऱ्या बायका दिसतात. मी तासभर उभा होतो, सभागृहाची आठवणही आली नाही.

म्हणून सभागृह खोड. बाराही घरांची मुख्य दारं एका चौकाकडे आण. स्वयंपाकघराची खिडकी चौकावर उघडू दे. कुकर लावता लावता पोरांवर लक्ष राहतं, आणि पलीकडच्या आजींची खिडकी सकाळी नऊपर्यंत बंद दिसली तर कुणीतरी जाऊन बघतं. प्रत्येक दारापुढे ओटा कर आणि तो सोळा-अठरा इंच उंच ठेव, म्हाताऱ्या गुडघ्यांना बसून उठता आलं पाहिजे. गाड्या फाटकाशीच थांबव. इथे भांडण होईल, तरी मागे हटू नकोस.

घरं भिंतीला भिंत लावून बांधलीस तर ऊन खाणाऱ्या भिंतीच कमी होतात. पश्चिमेला जिने, न्हाण्या, कोठीची खोली टाक. गच्चीवर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझेक कर, कारण वरच्या मजल्याला तापवतं ते छप्पर. माळव्याच्या रात्री अजून गार असतात. खिडक्यांना जाळी आणि मजबूत गज दे, म्हणजे लोक त्या निर्धास्त उघड्या ठेवतील. आणि तो शोषखड्डा पायापासून लांब हलव! आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पायाशी पाणी मुरवलंस तर तिसऱ्या वर्षी भिंतीला तडा दिसेल.

पाण्याचा हिशेब बाराही घरांसमोर मांड. १९७८ पासून नर्मदेचं पाणी काठावरच्या जलूद गावाहून सुमारे सत्तर किलोमीटर, पंपांनी चढवत इंदुरात येतं. टाकी एकत्र असेल तर मीटर प्रत्येकाचा वेगळा ठेव. पंप बिघडला तर फोन कोण करणार, चौक कोण झाडणार, जिन्याच्या दिव्याचं बिल कुणाच्या खात्यातून जाणार, हे पाया खणण्याआधी लिहून सह्या घे. या कागदाला तू नकाशाइतकाच वेळ द्यावास असं मला मनापासून वाटतं. माझ्या त्या आठ घरांत असा कागद नव्हता.

आता एक काम. बाराही घरी जाऊन 'तुम्हाला काय हवं' असं विचारू नकोस. जिम आणि पोहण्याचा तलाव सांगतील. काल पहाटेपासून रात्रीपर्यंत दाराबाहेर काय काय केलंत, एवढंच विचार. दूध, पेपर, वाळवण, फिरणं, फोनवर बोलणं, सगळं लिहून काढ. ती वही घेऊन रविवारी पाच वाजता अरण्यच्या कोपऱ्यावर ये. मोजपट्टी आण, खडू मी आणतो. तिथल्या दहा घरांचा एक गट आपण दोघं मिळून मोजू, मग त्याच मापानं तुझा चौक प्लॉटवर खडूनं आखून त्यात उभं राहून बघू.

तुझा,
काका