झाकणभर औषध म्हणजे नेमकं किती?

थंडी पडली, कापसाची वेचणी आणि तुरीची काढणी एकदम आली की मराठवाड्यात घरोघरी खोकला सुरू होतो. मग मेडिकलवर जाऊन ‘खोकल्याची बाटली द्या’ एवढंच म्हटलं जातं. कोणती, हे घेणारा सांगत नाही आणि देणाराही फारसं विचारत नाही. पण खोकल्याचं औषध ही काही एकच वस्तू नाही. एका बाटलीत कफ पातळ करणारं औषध असतं, दुसरीत मेंदूच्या पातळीवर खोकल्याची उबळच दाबणारं, तिसरीत श्वासनळ्या रुंदावणारं. आणि बऱ्याच बाटल्यांत तीन-चार औषधं एकत्र. वाचकांकडून आलेले बहुतेक प्रश्न याच घोळातून निघाले आहेत.

प्रश्न : लेकरू 14 महिन्यांचं आहे, वजन 9 किलो. रात्रभर खोकतं. जाऊबाईच्या 5 वर्षांच्या पोराची बाटली अर्धी उरली आहे. त्यातलं अर्धा चमचा दिलं तर चालेल का? (एक आई, गेवराई)

नाही, आणि पाव चमचाही नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं औषध देऊ नये आणि पाच वर्षांखालीही शक्यतो टाळावं, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा बजावलं आहे. क्लोरफेनिरामिन (ॲलर्जीवरचं, गुंगी आणणारं औषध) आणि फेनिलेफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं) ही जोडी तर चार वर्षांखाली वापरायचीच नाही. तशी सूचना छापण्याचा आदेश डिसेंबर 2023 चा आहे. लहान मुलांच्या सर्दीच्या असंख्य बाटल्यांत नेमकी हीच जोडी असते. नाव वेगळं, खोक्यावरचं चित्र वेगळं, आतला माल तोच.

औषध अर्धं केलं म्हणजे निम्म्या वयाला बसतं, हा हिशेब चुकीचा आहे. तान्ह्या मुलाच्या यकृताला औषधाचा निचरा करायला वेळ लागतो, श्वासनळी अरुंद असते, आणि खोकून कफ वर आणणं हीच त्याची सोय असते. उबळ दाबली की मूल शांत झोपलेलं दिसतं, कफ मात्र आतच राहतो.

चमच्याचं तर विचारूच नका. घरातल्या चहाच्या चमच्यात कधी 3 मिली मावतं, कधी 7. पोह्याच्या चमच्यात त्याहून जास्त. लहान मुलाला कुठलंही पातळ औषध द्यायचं तर बिनसुईच्या सिरिंजनेच मोजा. तापाच्या पॅरासिटामॉलमध्ये याचा फटका सगळ्यात मोठा बसतो. तुमच्या 9 किलोच्या बाळाला एका वेळी साधारण 135 मिलिग्रॅम लागतं. 5 मिलीत 120 मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ते साडेपाच मिली होतं, 5 मिलीत 250 चं असेल तर पावणेतीन मिलीच्या आत, आणि ड्रॉप्स असतील (दर मिलीत 100 मिलिग्रॅम) तर जेमतेम 1.3 मिली. ड्रॉप्सची बाटली सिरप समजून ‘एक चमचा’ पाजली की जवळपास चौपट डोस पोटात जातो.

मग करायचं काय? पाजण्याआधी आणि झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब (सलाइन नेझल ड्रॉप्स) प्रत्येक नाकपुडीत दोन-दोन. अंगावरचं दूध थोडं थोडं, पण जास्त वेळा. वर्ष उलटलेलं असल्याने झोपताना अर्धा छोटा चमचा मध चालेल. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, त्यातून बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषाने अंग लुळं पडण्याचा) धोका असतो. ओव्याची पुरचुंडी कोमट असेल तर हरकत नाही. कापूर नाकाशी नको, तो पोटात गेला तर मुलांना झटके येतात. ब्रँडीचे थेंब तर कुठल्याच वयात नकोत, आजीबाईंनी कितीही सांगितलं तरी.

बाळ शांत असताना पोट उघडं करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांत मिनिटाला 40 किंवा जास्त, वर्षाच्या आत 50, दोन महिन्यांच्या आत 60 भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर तो निमोनिया असू शकतो. बाळ दूध घेईना किंवा सुस्त पडलं तरीही त्याच रात्री दवाखाना गाठा, सकाळची वाट पाहू नका.

प्रश्न : छिंदवाड्याच्या बातमीनंतर घरातल्या सगळ्या बाटल्या फेकल्या. औषधात विष आहे हे वासावरून, चवीवरून कळतं का? (जालना)

कळत नाही, आणि तीच त्यातली खरी भीती आहे. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने मुलं दगावली; त्यातल्या काहींवर नागपुरात उपचार चालले होते. त्या ‘कोल्ड्रिफ’ सिरपच्या एसआर-13 या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल 48.6 टक्के निघालं. मान्य मर्यादा 0.1 टक्का. म्हणजे 5 मिलीच्या एका मात्रेत जवळपास अडीच ग्रॅम विष. ते बिनरंगी, दाटसर आणि गोड असतं, त्यामुळे मूल आवडीने पितं.

ते येतं कुठून? सिरपमध्ये औषध विरघळवायला प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल वापरतात. औषधी दर्जाच्या मालाऐवजी कारखान्यातल्या वापराचा स्वस्त माल आला आणि प्रत्येक पिंप तपासलं नाही की घात होतो. महाराष्ट्राला हे नवीन नाही: 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशाच भेसळीच्या ग्लिसरीनने 14 रुग्ण गेले आणि त्यावर लेंटिन चौकशी आयोग बसला.

शरीरात या विषाचं आम्ल बनतं आणि ते मूत्रपिंडाच्या नलिका मारतं. आधी उलट्या, पोटदुखी, सुस्ती. मग एक-दोन दिवसांत लघवी कमी होत जाते आणि बंद पडते. म्हणून सिरप चालू असलेल्या मुलाने सहा-आठ तास लघवी केली नाही तर औषध थांबवा आणि बाटलीसकट दवाखान्यात जा. घरी एवढंच करता येतं: बिल घ्या, बॅच नंबरचा फोटो काढा, लेबल फाडू नका. बिल न देणाऱ्याकडून पातळ औषध घेऊच नका.

प्रश्न : रात्री फडातून कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर नेतो. धुरळ्याने खोकला लागतो, बाटलीलाच तोंड लावून दोन घोट घेतो. काही होतं का? (माजलगाव)

दोन घोट म्हणजे सहज 30-40 मिली, लेबलवरच्या मात्रेच्या तीन-चारपट. त्या बाटलीत क्लोरफेनिरामिन असेल तर गुंगी येते, आणि ती झोप काढली म्हणजे उतरते असंही नाही. या औषधाचा अंमल दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतो. वर दारूचा एक पेग पडला की गुंगी दुणावते. मागे दोन ट्रॉल्या भरून ऊस असताना डुलकी परवडणारी नाही. टर्ब्युटालिन किंवा सालब्युटामॉलवाली (श्वासनळ्या रुंदावणारी) बाटली असेल तर उलट छाती धडधडते, हात थरथरतात. धुरळ्याच्या खोकल्याला नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क आणि पाणी जास्त उपयोगी पडतं. औषध लागलंच तर झोपेची गुंगी आणणारं नको, असं दुकानदाराला स्पष्ट सांगा.

प्रश्न : वय 62. बीपी आणि शुगर आहे, प्रोस्टेटचा त्रासही आहे. तीन महिने कोरडा खोकला. आठ बाटल्या झाल्या, फरक शून्य. आता आणखी स्ट्राँग कोणती घ्यावी? (औसा)

कोणतीच नको. आधी बीपीच्या गोळीचं पाकीट बघा. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल अशी ‘प्रिल’वर संपणारी नावं असतील तर घशात खवखव होऊन येणारा कोरडा खोकला त्या गोळीचाच असू शकतो. तो गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी लागतो. त्यावर बाटली चालत नाही, गोळी बदलावी लागते. डॉक्टर बहुधा टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन देतात, आणि खोकला बहुतेकदा एक ते चार आठवड्यांत जातो. स्वतःच्या मनाने गोळी बंद मात्र करू नका.

दुसरं, दोन आठवड्यांवर गेलेला कुठलाही खोकला हा क्षयरोगाच्या तपासणीचा खोकला आहे, त्यात तुम्हाला मधुमेह. बेडक्याची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. एक्स-रेही काढून घ्या. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर ज्यांना लिनेझोलिड चालू आहे, त्यांनी डेक्स्ट्रोमेथॉर्फनची (उबळ दाबणाऱ्या औषधाची) बाटली टाळावी. नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांनाही हाच नियम. ही औषधं एकत्र आली की मेंदूतलं सेरोटोनिन वाढून घाम, ताप, थरथर, बेचैनी सुरू होते.

आणि ज्या आठ बाटल्या पोटात गेल्या, त्यांनीही काही तरी केलंच असणार: क्लोरफेनिरामिनने प्रोस्टेटवाल्याची लघवी तुंबते, फेनिलेफ्रिनने बीपी चढतं, साखरेच्या पाकाने शुगर.

प्रश्न : मुलगा नांदेडला शिकायला आहे. खोलीवर खोकल्याच्या औषधाच्या 100 मिलीच्या अकरा रिकाम्या बाटल्या सापडल्या. त्याला खोकला नाही. काय समजायचं? (हिंगोली)

आधी बाटल्या टाकून देऊ नका, लेबल वाचा. सगळं त्यावर अवलंबून आहे.

कोडीन असेल तर ते अफूच्या कुळातलं औषध आहे. 5 मिलीत 10 मिलिग्रॅम कोडीन आणि 4 मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन असं मिश्रण धरा. एक बाटली एका दमात म्हणजे 200 मिलिग्रॅम कोडीन, आणि खोकल्यासाठी मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसात 120 च्या वर जायचं नसतं. सोबत क्लोरफेनिरामिन 80 मिलिग्रॅम, जिथे दिवसाची हद्द 24 आहे. नशा करणाऱ्याचं लक्ष कोडीनवर असतं, पण झटके आणि हृदयाची लय बिघडणं या जोडीदारामुळेही होतं. काहींचं यकृत कोडीनचं मॉर्फीन फार झपाट्याने करतं. त्यांचा श्वास कमी मात्रेतही मंदावतो, आणि तसं आपलं यकृत आहे हे आधी कुणालाच माहीत नसतं.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल तर चित्र वेगळं. 5 मिलीत 10 मिलिग्रॅम धरलं तर बाटलीत 200, आणि दिवसाची मर्यादा इथेही 120. बुबुळं मोठी, घाम, अडखळती यंत्रासारखी चाल, भलतंच दिसणं-ऐकणं. कोडीनमध्ये उलट बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी होतात, पेंग येते, अंगाला खाज सुटते, पोट साफ होत नाही.

कोडीन एच-1 यादीत आहे. चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि दुकानदाराला डॉक्टरचं, रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपावी लागते. अकरा बाटल्या अशाच मिळत असतील तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

मुलाशी बोलताना बाटल्या समोर आपटू नका. कधीपासून, दिवसाला किती, सोबत दारू किंवा ‘बटन’ गोळ्या (नशेसाठी घेतलेल्या झोपेच्या गोळ्या) का, एवढंच विचारा. ती तिसरी माहिती सर्वांत महत्त्वाची, कारण श्वास बंद पडतो तो बहुधा अशा मिश्रणाने. कोडीन रोजचं असेल तर कोंडून ठेवून सोडवायला जाऊ नका. एक-दोन दिवसांत नाक गळणं, जांभया, अंगदुखी, जुलाब, झोप उडणं सुरू होतं आणि पोरगं पुन्हा बाटलीकडे पळतं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात यावर औषधं आहेत. व्यसनमुक्तीसाठी 14446, मानसिक आधारासाठी 14416 या सरकारी हेल्पलाइन आहेत.

तो कधी हलवूनही उठेना, ओठ निळसर, श्वास मिनिटाला दहाच्या आसपास असेल तर 108 लावा. एका कुशीवर वळवा. उलटी करवू नका, मिठाचं पाणी, लिंबू, ताक काही पाजू नका. बेशुद्धीत ते थेट फुफ्फुसात जातं. बाटली सोबत द्या. कोडीनवर नालोक्सोनचं इंजेक्शन उतारा आहे, पण डॉक्टरला कोडीन आहे हे कळलं तर.

प्रश्न : संपलेल्या बाटल्या धुऊन ठेवाव्या का? झाकण माप म्हणून कामाला येतं. (कळंब)

नको. आपल्याकडे कपाशीवर फवारायचं तेही ‘औषध’च. त्याचं उरलेलं थेंबभर खोकल्याच्या जुन्या बाटलीत ओतून फडताळात ठेवलं आणि रात्री अंधारात कुणी ते घेतलं, तर पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको. रिकाम्या बाटलीचं लेबल खरवडा, झाकण वेगळं करा, मगच कचऱ्यात टाका. उरलेलं औषध मोरीत किंवा विहिरीकडे ओतू नका. माती किंवा चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवी बांधून टाका. आणि माप म्हणून झाकण वापरायचं तर त्याच बाटलीचं, आतल्या रेघा बघून. एका कंपनीचं झाकण 5 मिलीचं असतं, दुसरीचं 10 चं.