लष्करी ताब्याचा अभ्यास? आधी गोवा घे

सप्रेम आशीर्वाद.

लष्करी ताब्यावर प्रबंध लिहायचा ठरवलंस आणि इस्राएलच्या ताब्यातली वेस्ट बँक घ्यावी की रशियाने घेतलेला क्रिमिया, यावर अडलीस. दोन्ही राहू दे. आधी गोवा घे, कारण तिथे तुझं मन आधीच एका बाजूला आहे.

कायद्याचा पहिला प्रश्न कोरडा आहे. १९०७ च्या हेग नियमांचं ४२ वं कलम एवढंच बघतं, की प्रदेश प्रत्यक्षात शत्रुसैन्याच्या अधिकाराखाली आला का. सैन्य कशासाठी आलं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तो निवाडा संयुक्त राष्ट्रांच्या सनदेखाली वेगळा. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज शरण आले, मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर झाले. या कायद्याच्या लेखी तो ताबाच. मुक्तिदिन साजरा करणाऱ्या आपल्याला हे खटकतं. खटकू दे.

आता मोंतेरो खटल्याचा निकाल काढ. पोर्तुगीज नागरिकत्व न सोडलेले गोव्यातले एक पाद्री. राहण्याचा परवाना नोव्हेंबर १९६४ मध्ये संपला, त्यांनी तो वाढवून घेतला नाही. परदेशी नागरिक कायद्याखाली ३० दिवसांची साधी कैद आणि ५० रुपये दंड झाला. ते सर्वोच्च न्यायालयात गेले: युद्धात आणि ताब्यात सापडलेल्या नागरिकांना जपणाऱ्या चौथ्या जिनिव्हा कराराचं संरक्षण मला आहे. १९६९ मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्लांनी ते फेटाळलं. त्यांचं म्हणणं: विलीनीकरण झालं की ताबा संपतो. या कराराचं ४७ वं कलम अडवतं ते लढाई चालू असताना घाईने केलेल्या विलीनीकरणाला, आणि इथे पोर्तुगालचं सैन्य लढतच नव्हतं.

मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. प्रदेश जोडून घेतला तरी तिथल्या माणसांचं संरक्षण जात नाही, असं ४७ वं कलम सरळ सांगतं. घाईची अट त्यात कुठेच नाही. आणि प्रतिकार थंडावला की विलीनीकरण पक्कं, असं धरलंस तर अखंड जेरुसलेम आपली राजधानी ठरवणाऱ्या इस्राएलच्या १९८० च्या कायद्याला कोणत्या तोंडाने विरोध करशील? सुरक्षा परिषदेने ठराव ४७८ ने तो रद्दबातल ठरवला होता.

भारताची भक्कम बाजू दुसरीकडे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर १९६० मध्येच, ठराव १५४२ ने, गोवा आणि पोर्तुगालच्या इतर वसाहती स्वशासन नसलेले प्रदेश ठरवल्या होत्या. गोवा हा आमचाच सागरापारचा प्रांत, हा लिस्बनचा दावा तिथेच ढासळला. पुढे पोर्तुगालनेच ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. (१९६७ चा जनमत कौल मात्र पुरावा म्हणून पुढे करू नकोस. तो महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं, एवढ्यापुरताच होता. परीक्षक तिथेच पकडतील.)

मोंतेरो निकाल वाचताना जिनिव्हा कराराची ४७ आणि ४९ (ताब्यातल्या प्रदेशातून हद्दपारीला बंदी) ही कलमं शेजारी उघडी ठेव. नंतर वेस्ट बँककडे वळ आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं १९ जुलै २०२४ चं सल्लागार मत घे. पण आधी गोव्यावरचं प्रकरण लिहून मला पाठव.