प्रश्न तुमचे, उत्तर आमचं: आपल्याच माणसांसमोर ख्रिस्तसभेची शिकवण मांडताना

प्रश्न: मी वसईची, शाळेत शिकवते. आमच्या पॅरिशच्या प्री-मॅरेज कोर्समध्ये फादरनी मला आणि मिस्टरांना कुटुंबनियोजनावर तासभर बोलायला सांगितलंय. समोर बसणारे सगळे आपलेच, दर रविवारी मिस्साला येणारे, त्यात नर्स आहे, मेडिकलवाला आहे. मागच्या बॅचला एकाने सरळ विचारलं की गर्भनिरोधकं सगळेच वापरतात मग पोप नको सांगतायत ते कोणासाठी, आणि बोलणारे गप्पच झाले. बाहेरच्याशी बोलताना मला भीती वाटत नाही, पण घरच्यांसमोर तयारी कशी करू?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी पोप सहावे पॉल यांचं 'ह्युमाने विते' हे पत्र स्वतः वाचा, २५ जुलै १९६८ चं आहे, फक्त ३१ परिच्छेद आहेत, एका दुपारी होतं. हेच पोप डिसेंबर १९६४ मध्ये युखरिस्टिक काँग्रेसला (कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्याला) मुंबईत आले होते, वसईतल्या जुन्या लोकांना अजून आठवतं. १० ते १७ हे परिच्छेद पेन्सिल घेऊन दोनदा वाचा. मी हे आग्रहाने सांगतोय कारण आपल्यातली निम्मी भांडणं ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, जे बोललीच नाही त्यावरून होतात. लोकांना वाटतं की चर्च म्हणतं होतील तितकी मुलं होऊ द्या. परिच्छेद १० मध्ये उलट जबाबदार पालकत्वाबद्दल लिहिलंय, गंभीर कारण असेल तर नवरा-बायको काही काळ किंवा कितीही काळ पुढचं मूल नको असं ठरवू शकतात, म्हणजे मूल नको म्हणणं हाच गुन्हा असं कुठेच नाही, वाद आहे तो मार्गाचा: दिवस मोजून संयम चालतो, गर्भनिरोधक चालत नाही.

आता ती नर्स काय विचारेल ते मी आत्ताच सांगतो. पीसीओडी किंवा एंडोमेट्रिओसिस अशा पाळीच्या, गर्भाशयाच्या आजारासाठी डॉक्टरने हार्मोनच्या गोळ्या दिल्यात, मग ती पापात का? नाही. परिच्छेद १५ बघा, आजारावरच्या औषधाने गर्भधारणा थांबणार हे आधीच माहीत असलं तरी तो हेतू नसेल तर औषध चालतं. हे उत्तर पटकन, स्वच्छ शब्दात द्या, कारण वर्गात एखादी मुलगी खरंच त्या गोळ्या घेत असेल आणि ती घाबरून बसलेली असेल.

खरा कठीण प्रश्न पुढचा. दिवस मोजून टाळा नाहीतर गोळी घेऊन टाळा, हेतू एकच, मग फरक काय? या प्रश्नाला हसू नका, तो प्रामाणिक आहे. परिच्छेद १६ मध्ये पोप स्वतः मान्य करतात की दोन्हीकडे मूल टाळायचा हेतू सारखाच असू शकतो, फरक कृतीत आहे. एकीकडे जोडपं गर्भ राहू शकतो त्या दिवसांत संबंध ठेवत नाही, म्हणजे कृतीच होत नाही, आणि जेव्हा होते तेव्हा ती जशी आहे तशीच राहते. दुसरीकडे कृती करायची आणि तिच्यातून जीवन येण्याची वाट मुद्दाम बंद करायची. परिच्छेद १२ म्हणतो की एकमेकांशी एकरूप होणं आणि जीवनाला वाव देणं हे नवरा-बायकोच्या संबंधाचे दोन अर्थ माणसाने आपल्या हाताने तोडू नयेत, सगळी इमारत यावर उभी आहे, म्हणून हे वाक्य तुम्हाला तुमच्या शब्दात बोलता आलं पाहिजे. उपास करणं आणि जेवून उलटी काढणं ही तुलना बरेच जण देतात, कृपा करून देऊ नका, समोरच्या बायकांना ती लागते आणि पुढचं कोणी ऐकत नाही.

मग कोणीतरी म्हणेलच, या प्रश्नाचा अभ्यास करायला नेमलेल्या पोपच्या स्वतःच्या कमिशनने तर बदल सुचवला होता. खरंय, १९६६ मध्ये कमिशनमधलं बहुमत बदलाच्या बाजूने होतं आणि पोपनी ते स्वीकारलं नाही. हे तुम्ही स्वतः आधीच सांगून टाका, नाहीतर मोबाईलवर शोधून कोणी सांगितलं की वाटतं तुम्ही लपवलंत. वर हेही सांगा की कमिशन सल्ला द्यायला होतं, ठरवायला नाही, आणि शिकवण १९६८ ची नवी नाही, ३१ डिसेंबर १९३० ला पोप अकरावे पायस यांनी 'कास्ती कोन्नुबी' या पत्रामध्ये हेच शिकवलं होतं.

ही शिकवण इनफॉलिबल, म्हणजे कधीच न चुकणारी म्हणून जाहीर केलेली नाही ना, मग ऐच्छिक, हेही ऐकाल. 'ह्युमाने विते' स्वतः तशा स्वरूपाची गंभीर घोषणा करून दिलेलं नाही हे बरोबर, पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (जगभरच्या बिशपांच्या सभेचा) दस्तऐवज 'लुमेन जेंशियुम', परिच्छेद २५, सांगतो की पोपच्या अशा अधिकृत शिकवणीलाही मनाने आणि बुद्धीने मान द्यायचा असतो. न पटणं आणि ती झटकून टाकणं यात फरक आहे. ज्याला पटत नाही त्याला सांगा, वाच, प्रार्थना कर, फादरशी बोल, फक्त सगळेच वापरतात म्हणून विषय बंद करू नकोस. किती जण पाळतात यावरून शिकवण खरी की खोटी ठरत नाही, नाहीतर शेजाऱ्यावर प्रेम करा हीसुद्धा कधीच रद्द झाली असती.

आणि एक, वर्गात कोणालाही त्याच्या घरातलं विचारू नका. कोर्सला मदत करायला आलेली एखादी मोठी बाई असेल, तिसऱ्या सिझरिननंतर डॉक्टरच्या सांगण्यावरून तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असेल. तिच्या कानावर काय पडतंय ते ध्यानात ठेवून बोला. कन्फेशन, म्हणजे फादरसमोर पाप कबूल करून क्षमा मिळवणं, तिच्यासाठीही आहे, ऑपरेशन परत उलटं करून या अशी अट ख्रिस्तसभा घालत नाही. परिच्छेद २९ मध्ये पोप फादरांना सांगतात की शिकवण कमी करू नका आणि माणसांशी धीराने, मायेने वागा, हे दोन्ही एकत्र.

प्रश्न: आमच्या आळीतले काका म्हणतात, फाशीबद्दल चर्चने मत बदललं मग बाकीचंही बदलेल. काय सांगू?

उत्तर: काकांचा मुद्दा उडवून लावू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकाचा, २२६७ क्रमांक बदलून फाशी अस्वीकार्य असं लिहिलं, आणि हा विकास की बदल यावर कॅथलिकांमध्ये अजून वाद चालू आहे. पण त्याआधीच पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ मध्ये लिहिलं होतं की फाशी खरोखर गरजेची अशी प्रकरणं आता जवळजवळ नाहीतच, म्हणजे दिशा जुनीच होती. शिवाय फाशी द्यायलाच हवी असं ख्रिस्तसभेने कधी शिकवलं नव्हतं, राज्याला ती देता येते इतकंच म्हटलं होतं. राज्याने एक अधिकार वापरू नये म्हणणं वेगळं आणि जी कृती मुळात चुकीची म्हटली ती बरोबर म्हणणं वेगळं, काकांना हा फरक शांतपणे समजावा. त्यांचं पूर्ण समाधान नाही झालं तरी चालेल, पुढच्या वेळी कॅटेकिझम घेऊन बसा आणि २२६७ दोघं मिळून वाचा.