सणावाराला मुलांसोबत घरी गोड काय करता येईल? (ओव्हन नाही)

मुलं 7 आणि 10 वर्षांची, स्वयंपाकघर दोन माणसांत भरणारं आणि ओव्हन नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे आमचंच घर! आम्ही गोरेगावला राहतो. माझी मुलगी आणि दिराची दोन पोरं मिळून तीन मदतनीस. ओव्हनचं मनातून काढून टाका. आपल्या सणांचं बहुतेक गोड कढईत, परातीत नाहीतर मोदकपात्रातच होतं.

मी एवढंच बघते, की मुलांच्या हाताला काम आहे का. बासुंदी लागते झकास, पण मुलांनी त्यात करायचं काय? 'जरा ढवळ' म्हटलं की पाच मिनिटांत पसार.

आमच्याकडे सगळ्यात जास्त रंगतात त्या पाडव्याच्या गाठी. गुढीला बांधायची ती साखरेची माळ. बाजारात ढिगाने मिळते, म्हणून घरी सहसा कोणी करत नाही. लागतं काय, तर एक वाटी साखर, ती जेमतेम भिजेल इतकं पाणी आणि चमचाभर तूप. ताटाला तुपाचा हात फिरवून त्यावर जाड पांढरा दोरा आडवा ठेवायचा, दोन्ही टोकांना बांधण्यापुरता मोकळा. चॉकलेटचा सिलिकॉनचा साचा असला तर दोरा त्याच्या खळग्यांवरून न्यायचा. हे सगळं मुलांचं काम. दोरा सरळ आहे की वाकडा यावर आमच्याकडे अर्धा तास वाद चालतो.

गॅसपाशी मात्र तुम्हीच. पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि कातडीला चिकटून बसतो, तिथे मुलं नकोतच. थेंब गार पाण्यात टाकल्यावर बोटांत मऊ गोळी वळली, की गॅस बंद करून तूप घालायचं आणि घोटायला लागायचं. घोटल्याने साखरेचे कण पुन्हा जमायला लागतात, पाक पांढुरका आणि दाटसर होतो. तो ओघळेल इतपत असतानाच दोऱ्यावर चमच्याने गोल गोल पदकं घालायची. थोडी दिरंगाई झाली की पातेल्यातच दगड. पहिल्या वर्षी आमचा झाला होता. दोन-तीन चमचे पाणी घालून पातेलं परत गॅसवर चढवा, पाक वितळतो, काही वाया जात नाही. पाकात चिमूटभर केशर नाहीतर खायचा रंग टाकला तर मुलं खूश. सुटल्यावर गाठी फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्या की आपल्या मुंबईच्या दमट हवेत त्यांना पाणी सुटतं. घट्ट झाकणाचा डबा बरा.

दिवाळीला शंकरपाळे. माप सासूबाईंचं: एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर आणि त्यात मावेल तेवढा मैदा. दूध-तूप-साखर एकत्र गरम करून साखर विरघळली की कोमट होऊ द्यायचं, मग मैदा. तूप सढळ हाताने वाढवलंत तर शंकरपाळे तेलात विरघळतात, तेव्हा माप पाळा. आम्ही कातण्याऐवजी बिस्किटांचे साचे वापरतो, तारा, चंद्र, मासा. ताऱ्याची टोकं आधी करपतात, म्हणून पोळी जाडसर लाटा आणि आच मंद ठेवा. साचे क्रॉफर्ड मार्केटला बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत मिळतात. सासूबाईंना मासा पसंत नव्हता. दुपारी चहाबरोबर पहिला त्यांनीच उचलला.

नाताळचे कुलकुल आम्ही मजल्यावरच्या ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती) आंटींकडून शिकलो. माहेर गोराईचं, मराठी आमच्यापेक्षा खणखणीत. मैदा, थोडं लोणी, अंडं आणि नारळाचं दूध घालून पीठ मळायचं. सुपारीएवढी गोळी नव्या कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने चपटी करायची आणि गुंडाळत आणायची, की रेघारेघांचा शिंपला तयार. तळायचं, मग साखरेच्या पाकात घोळवायचं. कंगवा म्हटल्यावर मुलं जी बसतात ती पीठ संपेपर्यंत उठत नाहीत. काटा-चमच्यातला काटाही चालतो, पण त्यात ती मजा नाही.

गणपतीला उकडीच्या मोदकांच्या पाकळ्या मुलांकडून पडतील ही आशा ठेवू नका. उकड गरम असतानाच मळावी लागते, त्यांच्या हाताला सोसत नाही. त्यांना खव्याचा गोळा आणि साचा द्या, पेढ्याचे मोदक तीच करतील. उकडीचे तुम्ही करा. उरलेल्या उकडीत मिरची-जिरं घालून निवगऱ्या थापायला मात्र त्यांना बोलवा.

आणि संक्रांतीचा काटेरी हलवा? नको. मी केलाय. भाचीच्या बोरन्हाणाला दागिने घरच्या हलव्याचे करायचे असं डोक्यात घेतलं होतं. परातीत तीळ, खाली मंद आच, चमचा-चमचा पाक आणि बोटं सतत फिरती, सलग तीन दिवस पहाटे उठून. पहाट का, तर काटा यायला गारवा लागतो म्हणतात, आणि जानेवारीत गोरेगावला गारवा मिळालाच तर तेवढ्याच वेळात. काटा आलाच नाही. गोल, गुळगुळीत, साबुदाण्यासारखे दाणे निघाले. पोरांनी 'मोती' म्हणत दोन दिवसांत फस्त केले, आणि दागिने मी दादरहून विकत आणले.