वाचकांचे प्रश्न : कुलपातली पेटी आणि रात्रपाळी

प्रश्न : भोसरीतील आमच्या प्रेस शॉपमध्ये (यंत्राने पत्रा दाबून-कापून भाग बनवण्याच्या विभागात) दोन पाळ्यांत मिळून सुमारे 180 कामगार आहेत. प्रथमोपचाराची पेटी एकच आहे आणि ती स्टोअरमध्ये कुलपात असते, कारण उघडी ठेवली की सामान संपते. प्रशिक्षण घेतलेला एकच जण असून तो दिवसपाळीला येतो. हे नियमात बसते का? – एक सुपरवायझर

उत्तर : पेट्यांच्या संख्येपुरते बसते, बाकी नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 45 प्रमाणे एका वेळी कामावर असणाऱ्या दर 150 कामगारांमागे किमान एक पेटी लागत असे. तुमच्याकडे एका पाळीत तेवढे कामगार नसावेत. मात्र ती पेटी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे प्रथमोपचाराचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असावे आणि कामाच्या वेळात तो सदैव हजर असावा, असेही तेच कलम सांगत होते. म्हणजे रात्रपाळीला दुसरा प्रशिक्षित माणूस हवाच. या अधिनियमाची जागा आता 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली असली, तरी कामाच्या सर्व वेळी पेटी सहज हाती आली पाहिजे ही अट तिच्यातही आहे. सामान संपते ही तक्रार खरी असते; त्यावर कुलपाऐवजी कागदी सील लावावे, सील तुटले की वहीत नोंद करावी आणि त्याच दिवशी भर घालावी.

प्रश्न : प्रेसमध्ये बोट तुटले, तर तुकडा बर्फात टाकून न्यावा, असे आमचे जुने ऑपरेटर सांगतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : अर्धेच बरोबर आहे. तुकडा थेट बर्फावर ठेवला, तर पेशी गोठून मरतात आणि बोट जोडण्याची आशा मावळते. प्रथम मशीन बंद करून जखमी कामगाराला आडवे करावे, जखमेवर स्वच्छ गॉज (जाळीदार पट्टी) घट्ट दाबून हात हृदयापेक्षा उंच धरावा. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी गॉज पुन्हापुन्हा उचलू नये. ते भिजले तर वर दुसरे ठेवून दाब कायम राखावा. बोटाला दोरा किंवा रबर आवळण्याची सवय आपल्याकडे फार आहे, ती सोडावी. तुकडा सलाइनने किंचित ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. डेटॉल, स्पिरिट किंवा हळद लावू नये. तुकडा चेंगरलेला दिसला, तरी सोबत न्यावा. तो जोडता येईल की नाही, हे सर्जन ठरवतील. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने जखमीला चहासुद्धा देऊ नये. सूक्ष्मशस्त्रक्रिया करणारे जवळचे रुग्णालय कोणते, हे आधीच शोधून त्याचा फोन नंबर 108 च्या शेजारी भिंतीवर लिहून ठेवावा.

प्रश्न : 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, आम्हाला तासभर व्हिडिओ दाखवून सह्या घेतात. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : सही घेण्यापुरते पुरेसे आहे, जीव वाचवण्यापुरते नाही. हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब किमान 5 सेंटिमीटर खोल देणे हे सरावाच्या पुतळ्यावर स्वतः केल्याशिवाय जमत नाही. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा, हे सर्वांना ठाऊक असते, पण स्विच नेमका कुठे आहे हे नव्या हेल्परला कोणी दाखवलेले नसते. म्हणून प्रशिक्षण शॉप फ्लोअरवरच, प्रत्येक पाळीत आणि परप्रांतीय कामगारांसाठी हिंदीतही व्हावे, अशी लेखी मागणी सुरक्षा समितीकडे करा; समिती नसेल, तर थेट व्यवस्थापनाकडे करून पोच घ्या.