आफ्रिकेत साथीचं काम करायचंय: आर शिकू की पायथॉन?

तुम्ही विचारलंय की एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) झाल्यावर आफ्रिकेत साथरोगाचं काम करायचं आहे, तर आकडेवारीच्या विश्लेषणासाठी आर शिकू की पायथॉन ही संगणकाची भाषा, आणि तिथली खरी अडचण कोणती, प्रयोगशाळा की पैसा? दोन्हीपैकी काहीही शिका, चालेल. माझा अनुभव 2015 मधल्या, पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधल्या इबोलाच्या साथीतल्या काही महिन्यांचाच आहे. आफ्रिका म्हणजे पन्नासहून जास्त देश, तेव्हा हे तेवढ्यापुरतंच धरा. मला सगळ्यात जड गेलं ते कोण आजारी आहे, कोण रुग्णाच्या संपर्कात आलं, याची खरी यादी मिळवणं.

इबोलाची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला 2 ते 21 दिवस लागतात. म्हणून रुग्णाच्या संपर्कात आलेल्या प्रत्येकाला 21 दिवस रोज भेटायचं. आमच्यासोबतचा गावातलाच मुलगा रजिस्टर घेऊन दारापासून लांब उभा राहायचा आणि क्रिओ भाषेत विचारायचा, ‘हाउ दि बॉडी?’ म्हणजे तब्येत कशी आहे? उत्तर ठरलेलं: ‘आ टेल गॉड टेंकी.’ देवाची कृपा. आपण सवयीने ‘बरं आहे’ म्हणतो ना, तसंच. अंगात ताप असला तरी हेच. म्हणून तो पुढे विचारायचा, काल काय जेवलात, आज पाणी कोणी आणलं? एका घरी रोज पाणी भरणारी सून त्या दिवशी उठलीच नव्हती. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे सलग नऊ दिवस ‘लक्षणं नाहीत’ होतं.

तिला मलेरिया निघाला. पण हे कळेपर्यंत दोन दिवस ती इतर संशयित रुग्णांसोबत होती, आणि त्यांच्यात कोणाला खरंच इबोला असता तर? ती भीती घरच्यांना आमच्याइतकीच नीट कळत होती. शिवाय घर विलग केलं की शेत बंद, बाजार बंद. शिधा उशिरा आला की माणसं रात्री निघून जायची. आमच्या अहवालांत ‘लोक माहिती लपवतात’ असं वाक्य असायचं. ते मी लिहिणं बंद केलं.

मृतदेहांचं तर फारच अवघड. इबोलाने गेलेल्याचं शरीर अतिशय संसर्गजन्य असतं आणि तिथे मृताला अंघोळ घालायची रीत आहे. शेजारच्या लायबेरियात ऑगस्ट 2014 मध्ये राजधानी मोनरोव्हियातल्या मृतांचं दहन करायचा आदेश निघाला. त्यासाठी वापरली गेली ती तिथल्या भारतीय समाजाची स्मशानभट्टी. आपल्याला अग्निसंस्कारात काही वावगं वाटत नाही. पण लायबेरियात मार्चच्या दुसऱ्या बुधवारी ‘डेकोरेशन डे’ असतो. त्या दिवशी कुटुंबं आपल्या माणसांच्या कबरी साफ करतात, रंगवतात. कबरच नसेल तर जायचं कुठे? लोक आजारी माणूसही लपवू लागले, मृतदेहही. ते आकडे कुठल्याच तक्त्यात आले नाहीत. डिसेंबरअखेर मोनरोव्हियाजवळच्या डिस्को हिलला दफनभूमी सुरू झाली, तेव्हा कुठे दहन थांबलं.

आणि ‘तिथे यंत्रणाच नाही’ हे सरसकट म्हणू नका. 20 जुलै 2014 ला लायबेरियातून इबोलाची लागण झालेला एक आजारी प्रवासी नायजेरियातल्या लागोस शहरात उतरला. तिथल्या डॉक्टर अमेयो अडाडेव्हो यांनी दबाव येऊनही त्याला रुग्णालयातून सोडलं नाही. त्या स्वतः त्याच आजाराने गेल्या. पोलिओसाठी उभं केलेलं आपत्कालीन केंद्र, तीच प्रशिक्षित माणसं लगेच इबोलाकडे वळवली गेली, सुमारे 18,500 गृहभेटी झाल्या. एवढ्या प्रचंड शहरात शिरूनही नायजेरियात एकूण 20 रुग्ण, 8 मृत्यू. 20 ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. मला या कामाचा याहून मोठा आदर्श माहीत नाही.

तेव्हा पश्चिम किंवा मध्य आफ्रिकेत जायचं असेल तर फ्रेंच आजच सुरू करा, पूर्वेकडे स्वाहिली. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेतलं फील्ड प्रशिक्षण बघा. आणि निघण्याआधी महिनाभर आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या आशाताईंबरोबर घरोघरी फिरा. त्या दारात उभ्या राहून पहिला प्रश्न कोणता विचारतात, ते ऐका.